लिंकन घराण्याच्या सात पिढ्या

इ. स. १८४८ च्या मार्च महिन्यांत वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या प्रतिनिधिसभेंत नुकत्याच येऊन बसलेल्या एका सभासदाच्या हातीं एक चौकशीचें पत्र पडलें. पत्र लिहिणारे गृहस्थ मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील हिंगम गांवचे सॉलोमन लिंकन. त्यांनीं आपल्या गांवाचा इतिहास १८२७ सालींच लिहून प्रसिद्ध केला होता. इलिनॉयकडून निवडून आलेला हा अब्राहाम लिंकन नांवाचा सभासद आपल्याच कुळांतला कीं काय, हें त्यांना जाणून घ्यावयाचें होतें.

त्या पत्राला आलेलें उत्तर प्रांजळ होतें, परंतु तोकडें होतें. बापाचें नांव टॉमस. आजाचें नांव अब्राहाम. हा आजा व्हर्जिनियांतील रॉकिंगहॅम परगण्यांतून केंटकींत गेला व तेथें तद्देशीय लोकांच्या हातून मारला गेला. त्याच्या आधींचे लोक पेन्सिल्व्हेनियांतून आले असें घरांत सांगत, व ते क्वेकर पंथाचे होते असेंही सांगत. एवढ्यावर माहिती संपली. पुढें १८५९ सालीं आपलें छोटेखानी आत्मवृत्त लिहून देतांना त्याच गृहस्थानें म्हटलें कीं, न्यू इंग्लंडांतील लिंकनांशीं आपलें नातें जुळविण्याचा यत्न झाला, पण मॉर्डिकाय, सॉलोमन, लेव्ही, ईनॉक, अब्राहाम अशीं नांवें दोन्हीं घराण्यांत सारखीं आढळतात, यापलीकडे कांहीं निष्पन्न झालें नाहीं. मध्यंतरीं, १८४८ च्याच सप्टेंबरांत, वूस्टर येथें मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर लेव्ही लिंकन यांच्या घरीं ते जेवावयास बसले होते. यजमान व पाहुणा हे एकाच मूळपुरुषाचे वंशज होते. परंतु त्या टेबलाशीं बसलेल्या कोणालाही तें निश्चयानें सांगतां आलें नसतें.

यांत नवल नाहीं. ज्या घरांत लिहिणें नव्हतें, त्या घराची स्मृति साधारणतः आजापाशीं थांबते. राजघराण्यांना भाट असतात आणि सरदारांना दप्तरें असतात. जंगल तोडून शेत करणाऱ्या कुटुंबाला यांपैकीं कांहींच नसतें. अमेरिकेंत तर क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांसारखें साधनही नाहीं. तरी शेतकरी कुटुंब अगदींच माग न ठेवतां जात नाहीं. त्याचा जन्म चर्चच्या नोंदींत सांपडतो, जमीन खरेदीखतांत, दैन्य सारापट्टीच्या यादींत, भांडण कोर्टाच्या दप्तरांत आणि मरण मृत्युपत्रांत किंवा थडग्यावर. लिंकन १८६५ सालीं मारेकऱ्याच्या गोळीनें गेले, आणि त्यानंतर हे कागद उलथेपालथे करण्यास जो प्रारंभ झाला तो अर्धशतकाहून अधिक काळ चालला. सॅम्युएल शॅकफर्ड यांनीं १८८७ सालीं हिंगम व पेन्सिल्व्हेनिया यांमधील धागा जोडून दाखविला; ली व हचिन्सन यांनीं इंग्लंडांतील दप्तरें तपासून १९०९ सालीं ग्रंथ काढला; वॉल्डो लिंकन यांनीं १९२३ सालीं सबंध कुळवृत्तांत छापला; आयडा टार्बेल यांनीं १९२४ सालीं पूर्वजांच्या वाटेनें स्वतः हिंडून आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें; आणि लुई वॉरेन यांनीं १९२६ सालीं केंटकींतील कोर्टकचेऱ्यांचे कागद पुढें आणले.

हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हता. अब्राहाम लिंकन औरस संततिच नव्हेत, त्यांच्या आईबापांचें लग्नच लागलें नव्हतें, अशी कुजबुज त्यांच्या शत्रूंनीं हयातींतच चालविली होती. आणि मित्रांनीं लिहिलेल्या चरित्रांतूनही बाप आळशी, भटक्या, कुळांत एकही नांव घेण्यासारखा पुरुष नाहीं, असें चित्र उभें राहिलें होतें. चिखलांतून कमळ उगवलें असें दाखविलें कीं कमळाची शोभा वाढते, या समजुतीनें चरित्रकारांनीं चिखल जरा जास्तच कालविला होता. कागदांनीं सांगितलेली हकीकत निराळी आहे, आणि ती कोणत्याही बाजूला सर्वस्वीं सोयीची नाहीं.

इंग्लंडच्या पूर्व भागांतील नॉर्फक परगण्यांत स्वॉन्टन मॉर्ली नांवाचें खेडें आहे. तेथें रिचर्ड लिंकन नांवाचा बऱ्यापैकीं जमीनजुमला असलेला शेतकरी राहत असे. त्यानें चार लग्नें केलीं. वडील मुलगा एडवर्ड हा पहिल्या बायकोचा; परंतु मरतांना म्हाताऱ्यानें मिळकतीचा मोठा वांटा चौथ्या बायकोच्या मुलांकडे वळविला. हें १६२० सालचें वर्तमान. एडवर्ड शेजारच्या हिंगम गांवीं साधारण स्थितींत राहिला, आणि त्याच्या मुलांना जमिनीच्या जोरावर जगण्याची आशा उरली नाहीं. त्यांपैकीं सॅम्युएल, ज्याचा बाप्तिस्मा १६२२ सालीं झाल्याची नोंद आहे, नॉरिच शहरांतील फ्रान्सिस लॉज नांवाच्या विणकराकडे उमेदवार राहिला. तो काळ पहिल्या चार्लस राजाचा. नॉरिचचे बिशप मॅथ्यू रेन यांनीं प्युरिटन पंथाच्या लोकांना नकोसें करून सोडलें होतें, आणि हिंगमचा धर्मोपदेशक रॉबर्ट पेक याच्या मागें कितीतरी कुटुंबें समुद्रापलीकडे जाण्यास निघालीं होतीं. १६३७ सालीं लॉज आपल्या कुटुंबासह अमेरिकेस निघाला, आणि त्याच्याबरोबर सॅम्युएलही निघाला. जहाजाच्या यादींत त्याचें वय अठरा लिहिलें आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून तें पंधराच असावें. मृत्युपत्राच्या एका कलमानें एका शेतकऱ्याचा नातू विणकर झाला व विणकर झाला म्हणून परदेशीं गेला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कारण दीडशें वर्षांनीं याच घराण्यांत हाच प्रकार अधिक क्रूरपणें घडावयाचा होता.

सॅम्युएल प्रथम सेलम येथें उतरला व लौकरच मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वसलेल्या नव्या हिंगमला गेला. त्याचे भाऊ टॉमस व डॅनियल हे तेथें होतेच. वंशावळ जुळविणाऱ्याची खरी कसोटी येथें लागते. त्या लहानशा वसाहतींत लिंकन आडनांवाचे अनेक पुरुष असून त्यांतील चौघांचें नांव टॉमस होतें. गांवच्या दप्तरांत त्यांना धंद्यावरून ओळखीत: टॉमस विणकर, टॉमस पिंपवाला, टॉमस गिरणीवाला आणि टॉमस शेतकरी. सॅम्युएलचा सख्खा भाऊ यांपैकीं विणकर. हा भेद न कळल्यामुळें आरंभींच्या पुष्कळ वंशावळी फसल्या. सॅम्युएलला अकरा मुलें झालीं. तो १६९० सालीं वारला. गांवकऱ्यांनीं १६८१ सालीं बांधलेलें लांकडी प्रार्थनामंदिर अद्याप हिंगमला उभें आहे.

हिंगमच्या दप्तरांत आणखी एक कागद आहे, व तो लिंकनांच्या इतिहासाला जितका लागू आहे तितकाच त्या सर्व देशाच्या इतिहासाला लागू आहे. गांवाला हें नांव १६३५ सालीं मिळालें, घरें उठलीं, शेतें वांटलीं गेलीं. परंतु ज्यांची ती भूमि होती त्या मॅसॅच्युसेट जमातीच्या पुढाऱ्यांकडून, वोंपाटक व त्याचे भाऊबंद यांच्याकडून, गांवानें खरेदीखत करून घेतलें तें ४ जुलै १६६५ रोजीं. म्हणजे आधीं वस्ती आणि तीस वर्षांनीं खरेदी. मधल्या काळांत देवीच्या व इतर सांथींनीं त्या जमातीचा बहुतेक संहार झाला होता. सही करावयास जे उरले होते त्यांनीं सही केली.

दुसरी पिढी मॉर्डिकाय याची. हा लोहार होता. त्यानें सिचुएट येथें दळणाची गिरणी, लांकूड कापण्याची गिरणी व लोखंड गाळण्याचा कारखाना असा व्याप वाढविला. तो १७२७ सालीं वारला, आणि त्याच्या मृत्युपत्रांत दोन मुलांचीं, मॉर्डिकाय व अब्राहाम यांचीं, नांवें आहेत, पण हे दोघे तेव्हां गांवांत नव्हते. कोठें गेले? मॅसॅच्युसेट्सच्या नोंदींत याचें उत्तर नाहीं, कारण गांव सोडून गेलेल्या माणसाविषयीं गांवाचें दप्तर मुकें असतें. उत्तर न्यू जर्सीच्या मॉन्मथ परगण्यांतील खरेदीखतांत सांपडलें. तेथें १७१० च्या सुमारापासून हे दोघे बंधु दिसूं लागतात. मॉर्डिकायनें हॅना साल्टर हिच्याशीं लग्न केलें. त्यांची डेबोरा नांवाची तीन वर्षांची मुलगी १७२० सालीं वारली. तिच्या लहानशा थडग्याचा दगड न्यू जर्सींत सांपडला आहे. त्यावर आडनांवांतलें एक अक्षर गळलें आहे, परंतु वर्ष शाबूत आहे. तीन वर्षांच्या पोरीचा तो दगड वंशावळीच्या कामीं कोणत्याही थोर पुरुषाच्या स्मारकाहून अधिक उपयोगीं पडला, कारण तें कुटुंब त्या वर्षीं तेथें होतें हें त्यानें सिद्ध केलें.

त्याच सुमारास मॉर्डिकाय पेन्सिल्व्हेनियांत गेला. फ्रेंच क्रीक नांवाच्या ओढ्यावर सॅम्युएल नट व विल्यम ब्रॅन्सन यांच्याबरोबर त्यानें लोखंडाचा कारखाना भागींत चालविला, आपला तिसरा हिस्सा १७२५ सालीं विकला, आणि आजच्या बर्क्स परगण्यांत जमीन घेऊन १७३३ सालीं दगडी घर बांधलें. तें घर अजून उभें आहे. म्हणजे ज्या थोर पुरुषाचा जन्म मातीच्या भुईच्या लांकडी खोपटांत झाला, त्याच्या खापरपणज्याचें घर दगडाचें होतें! मॉर्डिकाय १७३६ सालीं वारला. बून नांवाचें क्वेकर कुटुंब त्याच्या शेजारीं होतें. पुढें केंटकीची वाट दाखवून प्रसिद्धीस आलेला डॅनियल बून याच कुटुंबांतला. मॉर्डिकायच्या मरणानंतर जन्मलेल्या मुलानें, त्याचेंही नांव अब्राहामच, १७६० सालीं ॲन बून हिच्याशीं लग्न केलें, आणि पंथाबाहेर लग्न केलें म्हणून ॲनला क्वेकर सभेपुढें चूक कबूल करावी लागली. लिंकन क्वेकर असते तर तिच्यावर हा प्रसंग आलाच नसता. घरांत चालत आलेली क्वेकरपणाची गोष्ट बहुधा अशा शेजारामुळें व सोयरिकीमुळें उत्पन्न झाली असावी. हिंगमचे मूळ लोक तर प्युरिटन होते.

चौथा पुरुष जॉन. खरेदीखतांत हाही आपला धंदा विणकर म्हणून लिहवितो. पण त्याचें चित्त जमिनीवर होतें. पेन्सिल्व्हेनियांतील चांगल्या जमिनी महाग झाल्या तशीं जर्मन, स्कॉच-आयरिश व इंग्रज कुटुंबें बैलगाड्या जुंपून नैऋत्येकडे शेनंडोआच्या खोऱ्यांत उतरूं लागलीं होतीं. जॉन १७६८ सालीं त्या वाटेनें लिनव्हिल क्रीक येथें गेला व तेथें त्यानें सहाशें एकर जमीन घेतली. तो १७८८ सालीं वारला. सॉलोमन लिंकनांना उत्तर देतांना अब्राहाम लिंकनांस याचें नांवही ठाऊक नव्हतें. याच खोऱ्यांत राहणारे डेव्हिड लिंकन नांवाचे एक गृहस्थ आहेत असें त्यांच्या कानावर आलें, तेव्हां त्यांनीं त्याच महिन्यांत त्यांना पत्र घालून आपला आजा कोण, कोठला, हें विचारलें. हे डेव्हिड जॉनचे नातू, म्हणजे टॉमसचे चुलतभाऊ. पत्र योग्य दारींच पोंचलें होतें.

पांचवी पिढी ही या सगळ्या कथेची गांठ आहे. जॉनचा मुलगा अब्राहाम व्हर्जिनियाच्या लोकसेनेंत कॅप्टन होता आणि त्याच्यापाशीं लिनव्हिल क्रीकवर सुपीक जमीन होती. १७८० सालीं त्यानें त्यांतील अडीचशें एकर पांच हजार पौंडांस विकली. आंकडा ऐकून श्रोत्यांना वाटेल कीं, मनुष्य गबर झाला. परंतु तो काळ कागदी चलनाचा. स्वातंत्र्ययुद्धाचा खर्च भागविण्यासाठीं नोटा छापून छापून त्यांची किंमत इतकी उतरली होती कीं, त्याच वर्षाच्या मार्चांत काँग्रेसनें चाळीस कागदी डॉलरांस एक चांदीचा डॉलर असा भाव ठरविला. त्या हिशेबानें पांच हजारांचे सव्वाशें होतात. उलट पक्षीं व्हर्जिनिया सरकार केंटकींतील जमिनीचे हक्कलेख शंभर एकरांस चाळीस पौंड या दरानें विकीत होतें आणि तोच कागदी पैसा घेत होतें. ज्याच्यापाशीं उतरत्या नोटा होत्या त्याला यापेक्षां चांगला सौदा नव्हता. कॅप्टन अब्राहामनें एकशें साठ पौंड भरून चारशें एकरांचा एक हक्कलेख घेतला; कारकुनानें त्यावर त्याचें आडनांव ‘लिंकहॉर्न’ असें लिहिलें. नंतरच्या संशोधकांना या एका अक्षरचुकीनें बरेंच छळलें. केवळ साहसाच्या ओढीनें लोक पश्चिमेकडे गेले असें पाठ्यपुस्तकें सांगतात. या कुटुंबापुरतें तरी खरें कारण असें दिसतें कीं, नोटेची जमीन करून टाकावी, हा व्यवहारी विचार.

१७८२ च्या सुमारास तो पत्नी बाथशेबा व पांच मुलें यांसह कंबरलंड घाट ओलांडून केंटकींत गेला. आतां ही भूमि कोणाची होती? इरोक्वा राष्ट्रांनीं १७६८ सालीं फोर्ट स्टॅनविक्स येथें ती इंग्रजांना लिहून दिली. पण ते तेथें राहत नव्हते. १७७५ सालीं चेरोकी पुढाऱ्यांनीं एका खासगी मंडळीला तीच विकली, आणि तो व्यवहार व्हर्जिनियानें मान्य केला नाहीं. प्रत्यक्ष शिकार करून त्या रानावर जगणाऱ्या शॉनी लोकांना दोन्हीं वेळां कोणीं विचारलें नाहीं. एकाच शेताचे दोन खोटे धनी साक्षीदारांसमक्ष सह्या करतात आणि वहिवाटदार बांधावर उभा आहे, असा हा प्रकार होता. वहिवाटदारानें हत्यार उपसलें तर त्याला केवळ रानटी म्हणून मोकळें होणें इतिहासकाराला शोभत नाहीं. आणि कॅप्टन अब्राहामनेंही स्वतःच्या समजुतीप्रमाणें सरकारी किंमत मोजलेली होती, हेंही विसरून चालणार नाहीं.

१७८६ च्या मे महिन्यांत लुईव्हिलच्या पूर्वेस लाँग रन येथील शेतांत तो तीन मुलांसह काम करीत असतां रानांतून गोळी आली व तो जागींच ठार झाला. मधला मुलगा जोसाया जवळच्या गढीकडे मदतीस धांवला. थोरला मॉर्डिकाय घरांत शिरून बंदूक घेऊन खिडकीशीं उभा राहिला. धाकटा टॉमस, आठ वर्षांचा, बापाच्या प्रेतापाशींच होता. एक शॉनी योद्धा त्याच्याजवळ आला, तेव्हां मॉर्डिकायनें त्याच्या छातीवरील चांदीच्या पदकावर नेम धरून त्याला पाडलें. अब्राहाम लिंकनांनीं १८५४ सालीं एका आप्ताला लिहिलें आहे कीं, बालपणीं ऐकलेल्या सर्व गोष्टींत ही गोष्ट मनावर सर्वांहून खोल उमटली. या गोष्टीचा काळ मात्र घरांत चुकला होता. केंटकींत गेल्यावर दोन वर्षांनीं आजा मारला गेला असें लिंकन समजत असत. परंतु १७८५ च्या मेंत त्याच्या लाँग रनच्या जमिनीची मोजणी झाल्याचा कागद आहे. गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहते आणि साल निसटतें, हा मौखिक परंपरेचा स्वभावच आहे.

गोळीनें बाप गेला. जमीन गेली ती कायद्यानें. कॅप्टन अब्राहामच्या नांवें हजारों एकरांचे हक्क होते. परंतु मृत्युपत्र नव्हतें. व्हर्जिनियाच्या कायद्याप्रमाणें, व केंटकी तेव्हां व्हर्जिनियाचाच भाग होती, मृत्युपत्रावांचून मेलेल्याची स्थावर मिळकत वडील मुलाकडे जाई. टॉमस जेफर्सन यांच्या आग्रहावरून हा ज्येष्ठाधिकार रद्द करून सर्व मुलांना सारखा वांटा देणारा कायदा १७८५ सालीं मंजूर झाला होता, पण त्याचा अंमल १ जानेवारी १७८७ पासून व्हावयाचा होता. सात महिन्यांचें अंतर! बाप पुढच्या वसंतांत मेला असता तर टॉमसला जमिनीचा वांटा मिळाला असता. मॉर्डिकाय जमीनदार झाला, घोडे बाळगूं लागला, लोकांत मान पावला. पुढें पुतण्या थट्टेनें म्हणे कीं, आमच्या घराण्यांतली सगळी अक्कल मॉर्डिकाय काका एकटाच घेऊन पळाला. अकलेचें कसेंही असो, मिळकतीविषयीं मात्र हें अक्षरशः खरें होतें. टॉमस मजुरी करीत हिंडत वाढला. एक वर्ष तो टेनेसींत वाटॉगा नदीवर आयझाक नांवाच्या चुलत्याकडे राबला. शाळेचें तोंड त्यानें पाहिलें नाहीं, आणि कष्टानें सही करण्यापलीकडे त्याला लिहितां आलें नाहीं.

यानंतरचा टॉमस हा चरित्रकारांनीं रंगविलेल्या टॉमसाशीं जुळत नाहीं. १८०३ सालीं पंचविसाव्या वर्षीं त्यानें हार्डिन परगण्यांत मिल क्रीकवर दोनशें अडतीस एकर जमीन एकशें अठरा पौंडांस घेतली. तो सुतारकाम करी, वेळेवर सारा भरी, आणि पंचांत बसे. १२ जून १८०६ रोजीं त्याचें लग्न नॅन्सी हँक्स हिच्याशीं झालें. याच लग्नाच्या नोंदीवरून सर्व गहजब झाला. लोक ती एलिझाबेथटाउन येथें, म्हणजे हार्डिन परगण्याच्या कचेरींत, शोधीत राहिले. तेथें ती नव्हती, आणि नव्हती म्हणून लग्नच नव्हतें असें बोलूं लागले. १८७८ सालीं शेजारच्या वॉशिंग्टन परगण्याच्या कचेरींत टॉमसनें स्वतः सही केलेला विवाहाचा करारलेख व लग्न लावणाऱ्या जेसी हेड या मेथॉडिस्ट उपदेशकानें पाठविलेली यादी सांपडली. वधू त्या परगण्यांत आप्तांकडे राहत होती, म्हणून लग्न तेथें लागलें. इतकी साधी गोष्ट. पहिली मुलगी सारा १८०७ च्या फेब्रुवारींत जन्मली आणि अब्राहाम १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं. ज्याच्याविषयीं प्रवाद होता तो पुरुष हा कागद निघण्यापूर्वीं तेरा वर्षें जग सोडून गेला होता.

नॅन्सीचें स्वतःचें मूळ अधिक अंधारांत राहिलें. ती ल्यूसी हँक्स हिची विवाहापूर्वींची मुलगी असें खुद्द लिंकन एकदां बोलल्याचें त्यांचे वकिलींतील भागीदार विल्यम हर्नडन यांनीं लिहून ठेवलें, आणि त्यावर अनेक लोक संतापले. स्त्रियांच्या बाजूनें चालत येणाऱ्या जनुकद्रव्याची तुलना करून २०१५ सालीं जें संशोधन प्रसिद्ध झालें, त्यानें नॅन्सी ही ल्यूसीचीच मुलगी या मताला पाठिंबा दिला. तिच्या बापाचें नांव मात्र कोणत्याही कागदावर नाहीं.

टॉमसनें केंटकींत तीन जमिनी केल्या आणि तिन्हींत तो बुडाला. याचें कारण त्याचा आळस नव्हे. केंटकींत सरकारनें आधीं मोजणी करून मग जमीन विकली नाहीं. हक्कलेख आधीं विकले आणि ज्यानें त्यानें आपली हद्द आपण दाखवावी असें ठरविलें. या ओकापासून त्या ओढ्यापर्यंत, ओढ्यापासून त्या खुणेच्या दगडापर्यंत, अशा हद्दी लिहिल्या गेल्या. ओक उन्मळला, ओढ्यानें पात्र बदललें. आणि कौलांवर कौलें चढावीं तसे एकाच जमिनीवर तीन तीन, चार चार हक्क चढले. फायदा झाला तो वकिलांचा. मिल क्रीकची जमीन मोजणींत अडतीस एकरांनीं कमी भरली. ती १८१४ सालीं दोनशें एकर म्हणून शंभर पौंडांस, तोट्यांत विकावी लागली. सिंकिंग स्प्रिंगचें शेत, जेथें अब्राहामचा जन्म झाला, तें १८०८ सालीं दोनशें डॉलर रोख देऊन घेतलें होतें. त्यावर मागच्या मालकाचा बोजा निघाला व तें कोर्टांत गेलें. नॉब क्रीकवरच्या तीस एकरांवर तर दहा हजार एकरांचा दावा सांगणारे परगांवचे वारसदार आले, आणि त्यांनीं ज्या दहा शेतकऱ्यांना प्रतिवादी केलें त्यांत टॉमस एक होता. स्थलांतराचें कारण कांहीं अंशीं गुलामगिरी, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांची भानगड, असें त्याच्या मुलानें १८६० सालीं स्पष्ट लिहिलें आहे. गुलामगिरीचाही उल्लेख पोकळ नव्हे. टॉमस व नॅन्सी ज्या बॅप्टिस्ट मंडळींत जात ती गुलामगिरीविरुद्ध होती. टॉमसच्या चुलत्याकडे व इतर नातलगांकडे मात्र गुलाम होते, हेंही त्याच कागदांत लिहिलेलें आहे.

१८१६ च्या डिसेंबरांत तो ओहायो नदी ओलांडून इंडियानांत शिरला. तेथली भूमिही १८०४ च्या तहांनीं डेलावेअर व पायंकशा लोकांकडून घेतलेली होती; फरक इतकाच कीं, तेथें १७८५ च्या कायद्याप्रमाणें सरकारनें सहा मैल चौरसाचे तुकडे व त्या प्रत्येकाचे सहाशें चाळीस एकरांचे छत्तीस भाग सरळ रेषांनीं आधीं आंखून ठेवले होते, आणि विकणारा धनी एकच होता. टॉमसनें १५ ऑक्टोबर १८१७ रोजीं व्हिन्सेन्सच्या कचेरींत एकशें साठ एकरांसाठीं नांव घातलें. दर एकरीं दोन डॉलर. प्रथम सोळा डॉलर व डिसेंबरांत चौसष्ट डॉलर भरले. पुढें पैशाची ओढ पडली तेव्हां निम्मी जमीन परत देऊन उरलेल्या ऐंशीं एकरांचा निर्वेध हक्क त्यानें १८२७ सालीं पदरांत पाडून घेतला. घराण्यांतील एका पिढीनें हजारों एकर कागदावर मिळविले होते. पुढच्या पिढीला ऐंशीं एकर खरे मिळविण्यास दहा वर्षें लागलीं.

त्या दहा वर्षांचें मोल निराळेंच द्यावें लागलें. ५ ऑक्टोबर १८१८ रोजीं नॅन्सी वारली. रानांत उगवणारी एक पांढऱ्या फुलांची विषारी वनस्पति गाई खात, विष दुधांत उतरे व दूध पिणारें माणूस थरथरत मरे. हें कारण तेव्हां कोणाला ठाऊक नव्हतें. टॉमसनें स्वतः फळ्या कापून पेटी केली. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरांत केंटकीला जाऊन त्यानें सारा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेशीं लग्न केलें, आणि तिनें त्या उघड्या पडलेल्या घराला पुनः घरपण आणलें. १८३० च्या मार्चांत हें कुटुंब इलिनॉयला गेलें.

मुलगा पुढें बापापासून दुरावला. शेतीचा त्याला कंटाळा होता, आणि सज्ञान होईपर्यंत त्याची मजुरी बापानें घ्यावी ही त्या काळची चाल त्याला सलत असे. तरी १८४१ सालीं त्यानें कोल्स परगण्यांतील बापाची चाळीस एकर जमीन दोनशें डॉलर देऊन आपल्या नांवें करून घेतली आणि आईबापांना तिचा हयातभर उपभोग ठेवला, कीं ती कोणा सावकाराच्या हातीं जाऊं नये. टॉमस १७ जानेवारी १८५१ रोजीं वारला. मुलगा प्रेतयात्रेस गेला नाहीं.

जॉन व त्याची पत्नी रिबेका यांच्या समाध्या लिनव्हिल क्रीकवरील घराण्याच्या स्मशानांत आहेत, आणि मागें राहिलेला त्यांचा मुलगा जेकब याचें १८०० च्या सुमाराचें विटांचें घरही तेथेंच आहे. त्या घरांतील लोक गुलाम बाळगीत. त्यांतले कांहीं याच स्मशानांत पुरलेले आहेत. अब्राहाम लिंकन यांचा स्वतःचा वंश रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ या त्यांच्या पणतवाबरोबर २४ डिसेंबर १९८५ रोजीं संपला. हे गृहस्थ वारले ते व्हर्जिनियांतच.